धरणाची होडी, पुराची होडी

सातारा आणि सांगली हे कृष्णेच्या वरच्या खोऱ्यातील जिल्हे एकमेकांना लागून आहेत आणि एकाच पाण्यावर जगतात. तरीही होडी या साधनाचे दैव या दोन ठिकाणी उलट दिशांनी फिरलेले दिसते. सांगलीच्या सपाट, काळ्या मातीच्या मुलखात नदी ओलांडायची तर होडीवाचून गत्यंतर नव्हते. विसाव्या शतकात पूल आले, उताराच्या होड्या एकामागून एक काठाला लागल्या आणि होडी उरली ती शर्यतीपुरती, देवदर्शनापुरती आणि महापुरापुरती. साताऱ्याच्या पश्चिमेकडील जावळीच्या डोंगरांत मात्र, जिथे माणसे पिढ्यान्‌पिढ्या पायवाटेने एका गावाहून दुसऱ्या गावाला जात होती, तिथे १९६० च्या दशकात कोयना धरणाचे पाणी चढले, वाटा बुडाल्या आणि होडी ही रोजची गरज होऊन बसली. अलीकडे या दोन्ही पाण्यांवर कयाक नावाची तिसरीच होडी दिसू लागली आहे. ती हौशीची आहे, बाहेरून आलेली आहे आणि बहुधा प्लास्टिकची आहे. तथापि ती ज्या पाण्यावर तरंगते त्याचे वेळापत्रक निसर्गाइतकेच पाटबंधारे खात्याच्या हाती असल्यामुळे, कयाकवाल्याला अखेर स्थानिक नावाड्याकडेच शिकायला जावे लागते.

कयाक म्हणजे एक किंवा दोन माणसांनी बसून वल्हवायची, लांबट, अरुंद आणि दोन्ही टोकांना निमुळती होत गेलेली होडी. ग्रीनलंड आणि उत्तर अमेरिकेच्या आर्क्टिक किनाऱ्यावरील इन्युइट शिकाऱ्यांनी ती घडवली. वाहून आलेल्या लाकडाचा किंवा हाडांचा सांगाडा करायचा, त्यावर सीलचे कातडे ताणून शिवायचे आणि वरची बाजूही झाकून शिकाऱ्याच्या कमरेपुरते भोक ठेवायचे, अशी तिची मूळ रचना होती. तिचे वल्हे दुपाती असते, म्हणजे त्याच्या दोन्ही टोकांना पाते असते आणि ते आलटून पालटून डावी-उजवीकडे पाण्यात घातले जाते. याउलट कनू या तिच्या भावंडात वल्ह्याला एकच पाते असते. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकपासून या दोन्ही प्रकारांच्या शर्यती अधिकृत झाल्या. शर्यतीची एकट्याची कयाक जास्तीत जास्त ५.२० मीटर लांब आणि किमान १२ किलो वजनाची असावी लागते, आणि एवढ्या आकड्यांवरूनही ती किती हलकी आणि किती डळमळीत असेल याचा अंदाज येतो. पर्यटकांना मिळणारी कयाक तिची दूरची नातलगच म्हणावी लागेल: साच्यात ओतलेल्या जाड प्लास्टिकची, रुंद, वरून उघडी, उलटली तरी न बुडणारी आणि वेगाची फारशी पर्वा नसलेली.

महाराष्ट्रात वल्हवण्याच्या खेळाला शिस्त लावणाऱ्या जुन्या संस्थांत पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब अग्रभागी आहे. १९२८ मध्ये मुळेच्या काठी सुरू झालेल्या या क्लबच्या वार्षिक रेगाटात, म्हणजे नौकांच्या सामूहिक कसरतींच्या सोहळ्यात, कयाकही उतरतात. खळाळत्या पाण्यावरील कयाकिंगसाठी मराठी हौशी मंडळी रायगड जिल्ह्यातील कोलाडला जातात. तिथल्या कुंडलिकेला ऐन उन्हाळ्यातही पाणी असते, कारण भिऱ्याच्या वीजगृहातून वीज निर्माण करून झालेले पाणी खाली सोडले जाते. हा खेळ प्रत्यक्षात वीजनिर्मितीच्या वेळापत्रकावर चालतो, ही गोष्ट कृष्णाखोऱ्याच्या संदर्भात लक्षात ठेवण्याजोगी आहे.

आता सांगलीकडे वळता येईल. १९२९ मध्ये आयर्विन पूल उभा राहण्यापूर्वी सांगली शहर आणि समोरची सांगलीवाडी यांच्यामधली ये-जा पाण्यातून होती, आणि नदीकाठच्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या गावाला असा एखादा उतार, म्हणजे होडी लावण्याची ठरलेली जागा, होता. ही होडी चालवणारे बहुधा आंबी, कोळी किंवा भोई समाजाचे असत. नदीच्या तळात कुठे खडक आहे, कुठे वाळू सरकली आहे आणि कोणत्या डोहात पाणी फिरते याचे ज्ञान हीच त्यांची खरी मिळकत होती. त्या काळाचा अवशेष पलूस तालुक्यात औदुंबर येथे अजून टिकून आहे. दत्ताच्या दर्शनाला आलेला भाविक समोरच्या तीरावरील भुवनेश्वरीकडे नावेने जातो. हा प्रवास काही मिनिटांचाच असतो, पण घाटाच्या पायऱ्या, वर दाटलेली झाडी आणि खाली संथ हिरवट डोह यांमुळे कृष्णेचे जे रूप त्या नावेतून दिसते ते पुलावरून कधीच दिसत नाही.

लाकडी नाव प्रत्येकाला परवडणारी नव्हती, आणि म्हणून या ऊसपट्ट्याने आपली एक वेगळीच होडी शोधून काढली. गुऱ्हाळात उसाचा रस आटवण्यासाठी वापरली जाणारी काहील, जिला या भागात काईल असेही म्हणतात, ही लोखंडी पत्र्याची, रुंद, उथळ आणि कड्या लावलेली कढई असते. तीच पाण्यात सोडून शेतकरी वैरणीचे भारे, दुधाच्या किटल्या आणि प्रसंगी शाळकरी मुलेही पलीकडे नेत आले आहेत. नौकाशास्त्राच्या दृष्टीने काहील आणि कयाक ही दोन टोके आहेत. काहील गोल असल्याने सहसा कलंडत नाही, पण तिला नाक नसल्यामुळे प्रत्येक वल्ह्यागणिक ती स्वतःभोवती फिरते आणि प्रवाहात सापडल्यास तिला दिशा देणे जवळपास अशक्य होते. कयाक लांब आणि अरुंद असल्याने ती पाणी कापत सरळ जाते, मात्र बसणाऱ्याने तोल सोडला तर ती क्षणात उलटते. तुंगभद्रेवर हंपीजवळ दिसणारी वेताची हरिगोलु काहिलीच्याच जातीची आहे आणि तिचा नावाडीही याच कारणाने वल्हे समोर घालून पाणी आपल्याकडे ओढतो. काहिलीला पर्यटनाच्या पत्रकात कोणी जागा दिलेली नाही, हे एका परीने बरेच झाले. ती शोभेची वस्तू नव्हतीच.

सांगलीचे खरे नौकावैभव पाहायचे असेल तर पावसाळ्यात होणाऱ्या होड्यांच्या शर्यती पाहाव्यात. नदी दुथडी भरलेली पण पुराखाली न गेलेली असते अशा दिवसांत या शर्यती होतात, आणि सांगलीवाडी, कसबे डिग्रज, समडोळी, कवठेपिरान यांसारख्या गावांचे बोट क्लब आपापल्या लांब, अरुंद होड्या घेऊन पाण्यात उतरतात. वल्हेकरी दोन रांगांत बसतात, मागे सुकाणू सांभाळणारा असतो, आणि घाट व आयर्विन पूल माणसांनी भरून जातात. या शर्यतींत बळाइतकेच महत्त्व एका तालाला असते. एका वल्ह्याने वेळ चुकवली की होडीचे नाक हलते आणि नाक हललेल्या होडीला पुन्हा सरळ करण्यात जो वेग जातो तो भरून निघत नाही. कयाक-कनूच्या आंतरराष्ट्रीय प्रशिक्षणात चौघांच्या नौकेविषयी जे शिकवले जाते तेच हे आहे. म्हणूनच गावची शर्यत आणि ऑलिंपिक क्रीडाप्रकार यांच्यामधले अंतर वाटते तेवढे मोठे नाही. २०२३ मध्ये हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धेत अर्जुन सिंग यांच्यासोबत दुहेरी कनूत १,००० मीटरचे कांस्यपदक मिळवणारे सुनील सिंग सलाम हे मणिपूरच्या लोकटाक सरोवराकाठी, मासेमारी करणाऱ्या कुटुंबात वाढले. कृष्णाकाठच्या मुलांना असा मार्ग खुला व्हायचा असेल तर त्यांच्या गावच्या होडीला आणि तिच्या शर्यतीला खेळाचा दर्जा द्यावा लागेल. सध्या ती बहुतेकांच्या लेखी हंगामी करमणूकच आहे.

परंतु याच पाण्याची दुसरी बाजू इतकी भीषण आहे की तिच्याविना सांगलीच्या होडीचे वर्णन अपुरे राहील. आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी ४० फुटांवर गेली की इशारा आणि ४५ फुटांवर गेली की धोका, असे गणित सांगलीकरांना पाठ असते. २००५ मध्ये ही पातळी ५४ फुटांच्या जवळ गेली, ऑगस्ट २०१९ मध्ये तिने ५७ फूट ओलांडले आणि जुलै २०२१ मध्ये ती पुन्हा ५४ फुटांच्या वर चढली. २०१९ च्या त्या पुरात, ८ ऑगस्ट रोजी, कृष्णा आणि येरळा यांच्या संगमाजवळील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना बाहेर काढणारी होडी उलटून डझनाहून अधिक माणसे बुडाली. पूल झाल्यावर गावागावांतल्या होड्या गेल्या आणि होड्यांबरोबर नावाडीही गेले. पाणी घरात शिरल्यावर मात्र दोघांचीही गरज एकाच वेळी भासली. होडी ऐनवेळी मागवता येते. तिच्यात किती माणसे बसवायची आणि घाबरलेल्या जमावाला ‘आता पुढच्या खेपेला’ असे ठामपणे कोणी सांगायचे, याचा अनुभव मात्र मागवून मिळत नाही. शर्यतीच्या क्लबांकडे वल्हेकऱ्यांची तयार फळी असते, आणि या स्पर्धांचे समर्थन करायला हे एक कारणही पुरेसे आहे.

पूर ओसरल्यानंतर कार्तिकापासून नदीचे रूप बदलते, आणि कयाकसाठी हाच हंगाम सोयीचा ठरतो. या बदलामागे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. दगडी खांबांच्या ओळीतील खाचांमध्ये बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, बसवून पावसाळ्यानंतर पाणी अडवायचे आणि पुढच्या पावसाळ्यापूर्वी ते बरगे काढून नदी मोकळी करायची, अशी ही योजना आहे. तिच्यामुळे हिवाळ्यात कृष्णेची लांबच लांब पट्टी जवळपास स्थिर तळ्यासारखी होते. पहाटे पाण्यावर धुके असते, मळीत, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या जमिनीत, वांगी आणि हरभरा उभा असतो, आणि वाळूच्या पट्ट्यांवर चक्रवाकांच्या जोड्या उतरतात. मात्र बंधाऱ्यावरून पाणी सांडत असताना त्याच्या जवळ जाणे प्राणघातक असते. वरून पडणारे पाणी तळाशी जाऊन पुन्हा भिंतीकडेच उलटे फिरते. या उलट्या फिरकीत सापडलेली होडी किंवा माणूस पुढे वाहून जाण्याऐवजी भिंतीपाशीच घोळत राहतो, आणि वरून पाहणाऱ्याला ते पाणी फसवे शांत दिसते. जुने नावाडी अशा जागी होडी काठाला लावून खांद्यावरून उचलून नेत, आणि कयाकवाल्यांसाठीही याहून वेगळा उपाय नाही.

दुसरा धोका मगरीचा. भिलवडी, औदुंबर आणि डिग्रज ते सांगली या पट्ट्यात गोड्या पाण्यातील मगरींची वस्ती आहे. हिवाळ्यात त्या उन्हासाठी काठावर येतात, फेब्रुवारीपासून काठाच्या मातीत अंडी घालतात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी पिले बाहेर पडतात. काठावर धुणे धुणाऱ्या, पोहणाऱ्या आणि मासे धरणाऱ्या माणसांवर येथे हल्ले झालेले आहेत. वाळूच्या बेसुमार उपशाने मगरींच्या विश्रांतीच्या जागा खचल्या, हेही या संघर्षाचे एक कारण मानावे लागते. कयाकमध्ये बसलेला माणूस पाण्यापासून वीतभर उंचीवर असतो आणि त्याचे हात सतत पाण्यालगत असतात. त्यामुळे या पट्ट्यात एकट्याने, संध्याकाळी किंवा अंडी घालण्याच्या हंगामात काठालगत फिरणे हे धाडस नव्हे, अविचार आहे. उन्हाळ्यात पाणी आटते, जलपर्णी दाटते, काही ठिकाणी कारखान्यांचे व शहरांचे सांडपाणी मासे मारून टाकते, आणि मग नदीवर जाण्याची इच्छा फारशी कोणाला राहत नाही.

साताऱ्याच्या बाजूला पाण्याचे स्वरूपच निराळे आहे. महाबळेश्वरचा वेण्णा तलाव १८४२ मध्ये साताऱ्याचे छत्रपती अप्पासाहेब महाराज यांनी बांधून घेतला, आणि आज तेथे भाड्याच्या होड्यांची गर्दी असते. वाईजवळ धोम धरणाचे पाणी पांडवगड-कमळगडाच्या पायथ्याशी पसरलेले आहे. कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना जवळजवळ समोरासमोर येऊन मिळतात. परंतु या साऱ्यांहून मोठा आहे तो कोयनेचा शिवसागर. महाबळेश्वरच्या पठारावरून निघालेली कोयना सह्याद्रीच्या दोन रांगांमधून सरळ दक्षिणेला वाहत जाते आणि हेळवाकजवळ काटकोनात पूर्वेला वळते. त्या वळणाच्या जरा वर, देशमुखवाडीजवळ, १०३ मीटर उंचीचे धरण बांधून तिला अडवल्यामुळे दरीत पन्नासएक किलोमीटर लांबीचा, कमी रुंदीचा आणि फाटे फुटलेला जलाशय तयार झाला. त्याची साठवणक्षमता १०५.२५ अब्ज घनफूट आहे. या पाण्याचा मोठा हिस्सा नदीच्या नैसर्गिक दिशेने न जाता बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीकडे उतरतो, वीज निर्माण करतो आणि वाशिष्ठीमार्गे अरबी समुद्राला मिळतो. उरलेल्यापैकी जे पाणी पावसाळ्यात धरणाच्या सहा वक्र दरवाजांतून सोडले जाते ते कऱ्हाडवरून साधारण दुसऱ्या दिवशी सांगलीच्या घाटावर पोहोचते. पावसाळ्यात सांगलीकर सकाळी आधी कोयनानगर, नवजा आणि महाबळेश्वर येथील पावसाचे आकडे पाहतात, याचे कारण हेच आहे.

धरणाने ज्यांची गावे घेतली त्यांपैकी अनेकांना ठाणे, रायगड, सोलापूर, सांगली अशा दूरच्या जिल्ह्यांत जमिनी मिळाल्या. जे वरच्या उतारावर सरकून तिथेच राहिले त्यांना शेजारचे गाव एकाएकी पाण्यापलीकडचे झाले. तापोळा, बामणोली आणि कांदाटी खोऱ्यातील गावांचे दळणवळण तेव्हापासून लाँचवर, म्हणजे इंजिनावर चालणाऱ्या मोठ्या होडीवर, आणि गाड्या वाहून नेणाऱ्या तराफ्यावर अवलंबून राहिले. बाजार, दवाखाना, शाळा, लग्नाचे वऱ्हाड, सर्व काही पाण्यावरून. पुढे पर्यटक येऊ लागले तेव्हा याच गावकऱ्यांनी बोट क्लब उभे केले आणि लाँचला दुसरे उत्पन्न मिळाले. बामणोलीहून लाँचने सुमारे दीड तासात मेट इंदवलीला उतरून वासोट्याला, म्हणजे व्याघ्रगडाला, चढून जाण्याची वाट ही त्यातली सर्वांत प्रसिद्ध. मेट इंदवली हे आता उठून गेलेले गाव आहे, आणि किल्ला २०१० मध्ये घोषित झालेल्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत येत असल्याने तेथे वनखात्याची परवानगी लागते, मुक्कामाला बंदी असते आणि पावसाळ्यात वाट बंद ठेवली जाते.

शिवसागरावर कयाकचा उपयोग वासोट्यापर्यंत जाण्यासाठी नाही. ते अंतर आणि वारा दोन्ही तिच्या आवाक्याबाहेरचे आहेत. तिचा उपयोग फाट्यांमध्ये आहे. डोंगराच्या सोंडांमधून आत शिरलेल्या अरुंद पाण्यात इंजिनाच्या आवाजावाचून जाता येते, आणि कयाकला पाण्याखाली काही बोटांचीच खोली लागत असल्याने जिथे लाँचचा पंखा अडकेल तिथेही ती सरकते. काठावरच्या कृषी पर्यटन केंद्रांनी म्हणूनच ती ठेवायला सुरुवात केली. सप्टेंबर-ऑक्टोबरात जलाशय काठोकाठ भरलेला असतो, पाणी थेट झाडीला टेकते आणि साताऱ्याहून बामणोलीला येणाऱ्या रस्त्यावरील कास पठारावर, ज्याचा २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात समावेश झाला, सोनकी, तेरडा, गेंद आणि सीतेची आसवे यांचे गालिचे आलटून पालटून रंग बदलत असतात. डिसेंबर-जानेवारीत सकाळी पाणी पूर्ण निश्चल असते. दुपारनंतर मात्र खोऱ्यात वारा सुटतो आणि लांब सरळ पट्ट्यांत लाटा उभ्या राहतात, म्हणून जाणते लोक सकाळी वाऱ्याच्या तोंडावर जाऊन दुपारपूर्वी परततात.

एप्रिल-मेमध्ये पाणी खाली जाते, आणि हाच काळ खरे तर सर्वांत बोलका असतो. वीजनिर्मितीने आणि सिंचनाने उपसलेला जलाशय आपल्या काठापासून मागे सरकतो, तांबड्या मातीचे पट्टे उघडे पडतात, त्यांत गाळपेर, म्हणजे पाणी हटलेल्या गाळावरची शेती, केली जाते, आणि जुन्या घरांची जोती, देवळांचे चौथरे व झाडांचे बुंधे वर येतात. नवख्याने या दिवसांत काठालगत वल्हवताना पाण्याखालच्या बुंध्यांपासून सावध राहावे लागते. लाँच चालवणाऱ्याला मात्र कोणता बुंधा कोणाच्या परड्यातला होता हेही माहीत असते. आर्क्टिकच्या शिकाऱ्याला बर्फाची जशी ओळख असते तशी ही ओळख आहे, आणि ती कोणत्याही नकाशात मिळत नाही.

या जलाशयावर हौशीला मर्यादाही आहेत. धरणालगतचा भाग सुरक्षेच्या कारणास्तव निषिद्ध क्षेत्र आहे, पश्चिमेचा काठ वन्यजीवांसाठी राखलेला आहे, आणि प्रवासी होड्यांना नोंदणी, तपासणी व जीवरक्षक जाकिटे बंधनकारक आहेत. जावळी तालुक्यातील मुनावळे येथे २०२४ मध्ये शासनाने मोठे जलपर्यटन केंद्र सुरू केले, ज्यात कयाकबरोबर वेगवान यांत्रिक नौकाही आहेत. रोजगाराच्या दृष्टीने त्याचे स्वागत होणे स्वाभाविक आहे. तरीही व्याघ्र प्रकल्पाच्या काठाशी जेट स्कीचा आवाज कितपत शोभतो हा प्रश्न उरतो, आणि या एका निकषावर तरी मुकाट्याने चालणारी कयाक उजवी ठरते. त्याहून महत्त्वाचे हे की, ज्यांची शेते या पाण्याखाली गेली त्यांच्या क्लबांना अशा केंद्रात चालकाचे स्थान मिळते की केवळ कामगाराचे, यावर त्याचे मोल ठरेल.

दरम्यान तापोळ्याहून पलीकडच्या आहीरकडे जाण्यासाठी जलाशयावर तारांनी तोललेल्या मोठ्या पुलाचे काम हाती घेण्यात आले आहे. तो वाहतुकीस खुला झाला की कांदाटी खोऱ्यातील आजारी माणसाला तराफ्याची वाट पाहावी लागणार नाही, आणि १९२९ नंतर सांगलीवाडीच्या उतारावर जे घडले ते तापोळ्याच्या धक्क्यावरही घडू लागेल. फरक एवढाच की सांगलीच्या नावाड्यापुढे तेव्हा दुसरा धंदा नव्हता. तापोळ्याच्या लाँचवाल्यापुढे पर्यटक आहे, आणि त्याच्या धक्क्यालगत भाड्याच्या कयाक आधीच बांधून ठेवलेल्या आहेत.